अकरा मिलिमीटरचे गाव

आमच्या शाळेतल्या सात नंबरच्या वर्गात जगाचा एक नकाशा टांगलेला आहे आणि त्यात आफ्रिकेच्या वायव्य काठावर एक भोक आहे. उभे मोजले तर अकरा मिलिमीटर, आडवे मोजले तर साडेदहा. कडा गुळगुळीत आहेत, किंचित तेलकट. आतून भिंतीचा चुना दिसतो. दर सप्टेंबरात मी व्हर्नियरने ते मोजते आणि प्रयोगशाळेच्या वहीत लिहून ठेवते. एकोणीस वर्षांपूर्वी मी इथे रुजू झाले तेव्हा ते दीड मिलिमीटर होते. म्हणजे वाढ वर्षाला अर्धा मिलिमीटर.

ते उंदराने पाडलेले नाही आणि वाळवीनेही नाही. तिथे आमचे गाव होते, अझम्मूर, आणि भोक आम्हीच पाडले.

खरे तर छापणाऱ्यांनी आमचे गाव दाखवलेच नव्हते. सी माअतींनी आपल्या नोकरीच्या पहिल्या वर्षी तिथे लाल पेन्सिलीने एक ठिपका काढला. सी माअती म्हणजे आमचे इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र. (आमच्याकडे आदराने पुरुषाच्या नावाआधी 'सी' लावतात, बाईच्या नावाआधी 'लल्ला'.) तिन्ही विषय आमच्याकडे एकाच माणसाच्या गळ्यात असतात. सातवीत नव्याने आलेल्या प्रत्येक मुलाला ते पहिल्या तासाला नकाशापाशी बोलावतात आणि एकच प्रश्न विचारतात, "तू आत्ता कुठे उभा आहेस? बोट ठेव." मूल ऑलिव्हच्या तेलात पाव बुडवून, न्याहारी करून आलेले असते. ते बोट ठेवते आणि अभिमानाने जरा दाबतेही. वर्षाला सुमारे एकशेवीस बोटे, अशी अठ्ठावीस वर्षे. आधी ठिपका गेला, मग किनारा गेला, मग कागद गेला. शत्रूला जे करायला तोफा लागल्या असत्या, ते आम्ही नुसत्या अभिमानाने केले.

नकाशाचे प्रमाण एक सेंटिमीटरला दोनशे किलोमीटर असे आहे. त्या हिशेबाने भोकात आमच्याबरोबर अल्-जदीदा गेले, कासाब्लांकाही गेले. कासाब्लांकाची चाळीस लाख माणसे केवळ आमच्या शेजारी राहतात म्हणून नाहीशी झाली. याच गतीने अकरा वर्षांनी भोक राजधानीपर्यंत पोहोचेल. तेव्हा मंत्रालय लक्ष घालील अशी आशा आहे.

बाकी जग मात्र शाबूत आहे. लिस्बनहून निघणारे लाल बाण आहेत, स्पेनहून निघणारे निळे बाण आहेत. रस्त्यातल्या डबक्याला घालावा तसा आमच्या किनाऱ्याला वळसा घालून ते भारताकडे आणि अमेरिकेकडे जातात. प्रत्येक बाणावर कप्तानाचे नाव आहे. "बाणावर नाव कप्तानाचं," सी माअती मुलांना सांगतात, "वल्हं मारणाऱ्याचं नाही. हा फ्लोरिडाकडे जाणारा निळा बाण बघा. यात आपल्या गावचा एक माणूस आहे. गुलाम म्हणून विकला गेला, आणि मालकाचं जहाज बुडाल्यावर अमेरिका पायी तुडवत गेला. शोध त्यानंच लावला, फक्त सही दुसऱ्याची आहे." आणि मग त्यांचे नेहमीचे वाक्य येते, "जो स्वतः कुठे उभा आहे हे सांगू शकत नाही, त्याला कुणीतरी बाहेरून येऊन शोधून काढतं."

तर हे सी माअती या जूनच्या अखेरीस निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी कोण, असे शाळेने मंत्रालयाला विचारले. उत्तर आले, "उपलब्ध मनुष्यबळातून भागवावे." उपलब्ध मनुष्यबळ म्हणजे मी. मी जीवशास्त्र आणि भूशास्त्र शिकवते. आठवड्याला चोवीस तास शिकवायला हवेत, माझे अठराच भरतात. सहा तास कमी पडतात, आणि सातवीच्या सामाजिक शास्त्राचे तासही नेमके सहाच होते. मुख्याध्यापक सी घझवानी ऑक्टोबरपासून दर महिन्याला मला विचारत होते.

"लल्ला तूदा, त्या सहा तासांचं काय ठरलं?"

"बघते, सी घझवानी."

हे उत्तर त्यांना फार आवडे, कारण ते त्यांचेच होते. अकरा वर्षांत त्यांनी शाळेच्या फाटकाचा रंग सोडून कशाचाही निर्णय घेतलेला नाही, आणि तो रंगही निरीक्षकांनी सुचवलेला आहे. कोणीच तास घेतले नाहीत तर काय होणार हे ठरलेले होते. वेळापत्रकात 'स्वयंअध्ययन' असे लिहिले जाणार, मुले पटांगणात भिंतीला टेकून बसणार, नकाशा सामानाच्या खोलीत मोडक्या सांगाड्याशेजारी जाणार, आणि पहिला तास संपणार. सी माअती याबद्दल बोलत नसत. ते फक्त शाळेत लवकर यायला लागले होते, पंधरा-वीस मिनिटे, आणि रिकाम्या वर्गात खिडकीपाशी उभे राहत.

मी तास का घेत नव्हते? एक तर या विषयाला एकके नाहीत. माणसे घरात मासे तळत बसलेली असताना कोणी बाहेरून येऊन त्यांना पाहिले, तर त्याला 'शोध' म्हणतात, आणि तो किती मिलिमीटरचा ते पुस्तकात दिलेले नसते. दुसरे असे की मी इथली नाही. मी वरची, खनीफ्राकडची. आमची नदी उम्म-अर्-रबिया तिथे डोंगरात उगम पावते आणि साडेपाचशे किलोमीटर वाहून इथे समुद्राला मिळते. नदीला येऊन हजारो वर्षे झाली, तिला कोणी बाहेरची म्हणत नाही. मला एकोणीस वर्षे झाली, भाजीवाला अजून विचारतो, "सुट्टीत गावाला जाणार ना?" दुसऱ्यांच्या मुलांना 'तू कुठे उभा आहेस' असे विचारायचा अधिकार मला कोणी दिला होता?

मार्चमध्ये पाहुणे आले. पोर्तुगालमधल्या कुठल्याशा गावाच्या मैत्री मंडळाची सात माणसे, सगळी निवृत्त. पंधराशे तेरा साली त्यांचे पूर्वज शेकडो जहाजे आणि तोफा घेऊन आले होते. हे टोप्या आणि उन्हाचे मलम घेऊन आले. प्रगती नाकारता येत नाही. सी घझवानींनी आदल्या दिवशी पटांगणातल्या झाडांच्या बुंध्यांना चुना लावून घेतला. बुंधे पांढरे झाले की शिक्षणाचा दर्जा वाढतो अशी आमच्या खात्याची श्रद्धा आहे. पुदिन्याचा चहा झाला, बदामाच्या सारणाच्या करंज्या झाल्या, आणि पाहुण्यांना सात नंबरच्या वर्गात आणले गेले.

मंडळाचे प्रमुख सेन्योर तेल्मो हे निवृत्त औषधविक्रेते होते. अतिशय सभ्य माणूस. ते फ्रेंचमधून बोलत आणि आमच्या फ्रेंचच्या मादाम बहीजा भाषांतर करत. नकाशाकडे बघून ते म्हणाले, "मुलांनो, यात तुमचं गाव कुठे आहे?"

पस्तीस बोटे एकदम भोकाकडे वळली.

सेन्योर तेल्मोंनी चष्मा बदलला, जवळ जाऊन वाकले आणि आत पाहिले. "इथे तर भिंत आहे," ते म्हणाले.

"हो," नववीची वर्गप्रतिनिधी शैमा म्हणाली, "आमचीच आहे."

"ती म्हणते, तुमचं स्वागत आहे," मादाम बहीजांनी भाषांतर केले.

सेन्योर तेल्मोंनी हसून स्वतःचेही बोट भोकात घालून पाहिले. सी माअती माझ्या कानाशी पुटपुटले, "लिहून ठेवा, लल्ला तूदा. यंदाच्या वाढीत युरोपचाही वाटा."

मग भेटवस्तू निघाली. दोन मीटर रुंदीचा नवा कोरा नकाशा, वरून प्लास्टिकचे आवरण, दोन्ही टोकांना पितळी टोपणे. शीर्षक होते 'महान शोधांचे युग'. मंडळाने तो आमच्यासाठी खास छापून घेतला होता. त्यावर राजधानी नव्हती, कासाब्लांका नव्हते. पण आफ्रिकेच्या वायव्य काठावर जाड काळ्या अक्षरांत 'आझामोर' असे छापले होते. शेजारी इवलासा किल्ला, किल्ल्यावर लाल निशाण, निशाणाखाली १५१३.

मुले बाकांवरून पुढे झुकली. आपल्या गावाचे नाव छापील नकाशावर त्यांनी पहिल्यांदाच पाहिले होते. मागच्या बाकावरची दोघे-तिघे तर उठून पुढे आली.

अडचण एकच होती. भिंतीवर खिळा एकच आहे. समुद्राच्या हवेने चुना इतका भुसभुशीत झालाय की दुसरा खिळा धरत नाही. दोनदा प्रयत्न झाला आणि दोन्ही वेळा खिळ्याबरोबर मूठभर भिंत हातात आली. तेव्हा एकतर जुना नकाशा, नाहीतर नवा. हा प्रश्न शाळेच्या व्यवस्थापन परिषदेकडे गेला. आमच्याकडे जो प्रश्न सोडवायचा नसतो तो परिषदेकडे जातो.

परिषदेत आम्ही आठ जण. समसमान मते पडली तर अध्यक्षांचे मत निर्णायक, असा नियम आहे. पण तो अधिकार सी घझवानींनी कधी वापरलेला नाही, कारण वापरला तर निर्णय त्यांचा ठरेल. माझे अक्षर चांगले म्हणून इतिवृत्त मी लिहिते. त्यामुळे मी तटस्थ राहिले हेही दर वेळी मीच सुवाच्य अक्षरात लिहिते.

एप्रिलच्या सभेत मादाम बहीजा म्हणाल्या, "अहो, निदान या नकाशावर आपण आहोत तरी!"

"आहोत ना," सी माअती म्हणाले. "उंदीर पिंजऱ्यात असतो तसे. कुठे आहे असं विचारलं तर पत्ता अगदी पक्का."

"आणि जुन्यावर काय आहोत? भोक!"

"ते भोक आपल्या मुलांनी पाडलंय, मादाम. त्यांचा किल्ला आपल्या कुणी बांधला नाही."

"मजूर आपलेच असणार," मादाम बहीजा म्हणाल्या.

पालकांच्या प्रतिनिधी लल्ला मबारका कशिदाकाम करतात. सभेतही त्यांच्या मांडीवर एक उशी असते आणि तिच्यावर आमच्या गावचे ठरलेले निळे ड्रॅगन एकमेकांकडे पाठ करून उभे राहत असतात. त्यांनी सुई थांबवली. "एवढं काय त्यात? भोक पडलं तर ठिगळ लावतात. द्या इकडे, दुपारपर्यंत भरून देते. वर हवं तर ड्रॅगन काढते."

"लल्ला मबारका, मग मुलं बोट ठेवतील ते तुमच्या टाक्यांवर. गावावर नाही."

"आत्ता तरी कुठं गावावर ठेवतात? चुन्यावर ठेवतात!" असे म्हणून त्यांनी मत मात्र जुन्या नकाशालाच दिले. मादाम बहीजांशी त्यांचे एका जाजमावरून वाकडे आहे.

तीन मते जुन्याला, तीन नव्याला. सी घझवानींनी छताकडे पाहिले. "आणि लल्ला तूदा?"

"तटस्थ. माहिती अपुरी आहे."

"उत्तम. सहमती हा लोकशाहीचा आत्मा आहे. ती होईपर्यंत विषय पुढे ढकलू. दुसरा विषय, सामाजिक शास्त्राचे सहा तास..."

"बघते."

"पुढे ढकलू." सी घझवानी प्रसन्न दिसत होते. मे महिन्याची सभाही शब्दशः अशीच झाली. मी एप्रिलचे इतिवृत्त समोर ठेवून फक्त तारीख बदलली.

त्या सभेनंतर सी माअती चहाचा पेला घेऊन प्रयोगशाळेत आले. मी बेडकाच्या बरण्या पुसत होते. ते स्टुलावर बसले आणि बराच वेळ एका बेडकाकडे बघत राहिले.

"माहिती अपुरी," ते म्हणाले. "लल्ला तूदा, कोलंबसाकडे तुमच्यापेक्षा कमी माहिती होती."

"आणि तो चुकला."

"चुकला. पण गेला. तुम्ही एकोणीस वर्षं धक्क्यावर उभ्या राहून पाण्याचं तापमान घेताय."

"तो गेला नसता तर बऱ्याच लोकांचं बरं झालं असतं."

सी माअती इतके हसले की चहा बेडकाच्या बरणीवर सांडला. "हे वाक्य वर्गात म्हणा. एवढं एकच म्हणा, बाकीचं पुस्तकात आहे."

मी फडक्याने चहा पुसला. त्यांनी मला तास घ्या असे म्हटले नव्हते. ते कधीच म्हणत नसत. मग मीच विचारले, "तुम्हाला नक्की काय वाचवायचंय? नकाशा की तास?"

त्यांनी पेला खाली ठेवला. "पोर्तुगीज या गावात अठ्ठावीस वर्षं टिकले. मीही अठ्ठावीस वर्षं टिकलो. जाताना ते तटबंदी ठेवून गेले, मी भोक ठेवून चाललोय. नकाशा हा कागद आहे, लल्ला तूदा. तासाला खिळा लागत नाही, माणूस लागतो. आणि माणूस मागवायला मंत्रालयाकडे अर्जाचा नमुना नाही."

पेला परत उचलून ते म्हणाले, "नकाशाचं मी वर्गावर सोपवतोय. नववीच्या पुस्तकात धडाच आहे, 'निर्णयप्रक्रियेत सहभाग'. दर वर्षी पोरं तो पाठ करतात आणि परीक्षेत लिहून विसरतात. यंदा मत टाकू देत. जो निकाल लागेल तो शैमा परिषदेत वाचेल."

"आणि हरलात तर?"

"तर नागरिकशास्त्र शिकवलं असं म्हणेन," ते म्हणाले, आणि बेडकाला सलाम करून गेले.

त्यानंतरच्या काही शनिवारी दुपारी शाळा रिकामी असताना मी एक छोटा प्रयोग केला. तो कशासाठी, हे तेव्हा स्वतःलाही विचारले नाही. विचारले असते तर 'बघते' असेच उत्तर आले असते.

जूनची सभा वर्षातली शेवटची. पुढची एकदम ऑक्टोबरात, म्हणजे सातवीचा पहिला तास होऊन गेल्यावर. हे सगळ्यांना ठाऊक होते. खिडकीतून नदी दिसत होती. मी पुस्तकांतून शिकले होते की वसंतात या नदीतून शाबल मासे वर चढत आणि एके काळी या गावाने पोर्तुगालच्या राजाला वर्षाला दहा हजार शाबल खंडणी दिली होती. नंतर धरणे झाली, मासे थांबले. राजाही राहिला नाही आणि मासेही नाहीत. प्रश्नपत्रिकेत मात्र 'किती शाबल?' हा दोन गुणांचा प्रश्न अजून येतो.

शैमा कागद घेऊन उभी राहिली. तिने डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि एका दमात वाचले, "नववी ब चा ठराव. उपस्थित पस्तीस. जुन्या नकाशाच्या बाजूने तेरा. नव्या नकाशाच्या बाजूने बावीस."

मादाम बहीजांनी टाळी वाजवली आणि मग आपल्याच टाळीने दचकल्या. मी सी माअतींकडे पाहिले. त्यांचा चेहरा हलला नाही. फक्त त्यांनी चष्मा काढला, काच पुसली आणि चष्मा परत घातला.

"निकालाची नोंद करावी," ते म्हणाले. "आणि माझं मत बदलावं. नव्याच्या बाजूने."

"सी माअती!" लल्ला मबारकांची सुई हवेतच राहिली. "मग मी इतके दिवस कुणाच्या बाजूनं भांडतेय?"

"लोकशाहीच्या, लल्ला मबारका."

"तिला सांगा, पुढच्या वेळी आधी कळव म्हणावं."

सी घझवानींच्या चेहऱ्यावर अकरा वर्षांत प्रथमच विश्रांती दिसली. निर्णय झाला होता आणि तो त्यांनी घेतलेला नव्हता. "चार विरुद्ध दोन. नवा नकाशा. अल्हम्दुलिल्लाह. बस, बाळ."

शैमा बसली नाही. "ठराव अजून संपला नाही, सर. खाली अट आहे."

"अट? अटीसाठी फॉर्ममध्ये रकाना नाही."

"म्हणून मागच्या बाजूला लिहिलीय." तिने कागद उलटा केला. "नवा नकाशा लावावा, पण सातवीचा पहिला तास तसाच व्हावा. प्रत्येकाने बोट ठेवावे. जिथे त्यांनी 'आझामोर' छापलंय तिथेच."

सी माअती हळू आवाजात म्हणाले, "का?"

"जुन्यावर आम्ही पुसायचं ते आमचंच, उस्ताद," शैमा म्हणाली. "आता पुसायला किल्ला मिळतोय."

सी माअतींनी तोंडावर रुमाल धरला. ते हसत होते की नाही हे मला सांगता येणार नाही. खांदे हलत होते, एवढेच निरीक्षण.

"हे काही पाहुण्यांना सांगण्यासारखं नाही," मादाम बहीजा म्हणाल्या.

"तुम्ही भाषांतर करा," लल्ला मबारका म्हणाल्या, "म्हणजे त्यांना स्वागतच वाटेल."

"पण प्लास्टिक आहे ना त्याच्यावर," शैमाला मध्येच शंका आली. ती माझ्याकडे वळली. "उस्तादा, असं घासून घासून ते नाव जायला किती वर्षं लागतील?"

"बेचाळीस," मी म्हणाले.

सगळे जण माझ्याकडे बघायला लागले. मी लिहिता लिहिता मान वर न करता सांगितले, "आवरण आणि शाई, दोन्ही मिळून पाच हजार चाळीस घासण्या टिकतात. तेल लावलेलं बोट, साधारण मुलांइतका दाब. वर्षाला एकशेवीस मुलं धरली तर बेचाळीस वर्षं. मी प्रशांत महासागराच्या कोपऱ्यात करून पाहिलं. तिथे कोणाचं गाव नाही."

"पाच हजार चाळीस वेळा?" सी घझवानी म्हणाले.

"तीन शनिवार लागले."

"म्हणजे माहिती पुरेशी झाली म्हणायची," सी माअती म्हणाले. त्यांनी रुमाल खिशात ठेवला होता आणि आता ते हसत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते, त्या रिकाम्या वर्गात खिडकीबाहेर बघायचे तसे. मी त्यांच्याकडे पाहिले आणि पुन्हा कागदाकडे पाहिले.

सी घझवानींनी घड्याळ बघितले. "ठराव चांगला आहे. अटही, तत्त्वतः, चांगली आहे. पण बोट ठेवायला लावणार कोण? जागा रिकामी आहे. तेव्हा हा विषय आपण ऑक्टोबरच्या सभेत..."

"ऑक्टोबरात सातवीचं बोट दुसरीकडेच पोहोचलेलं असेल," लल्ला मबारका म्हणाल्या. "माझी धाकटी यंदा सातवीत येतेय. ती नुसती भिंतीला टेकून बसणाऱ्यातली नाही, ती भिंतच पाडेल."

"सहमती हवी, लल्ला मबारका. घाईनं निर्णय घेतले की मग... लिहा, लल्ला तूदा. विषय दोन, पुढील सभेपर्यंत तहकूब."

माझ्या हाताला ते वाक्य इतके सवयीचे झाले होते की 'विषय दोन, पुढील' एवढे लिहूनही झाले. अक्षर नेहमीप्रमाणे सुवाच्य होते. मी त्याच्याकडे बघितले. शैमा अजून उभीच होती. तिला खाली बसायला सांगितले होते, हे बहुतेक ती विसरली होती. मी मोजपट्टी घेतली, तीन शब्दांवर एक सरळ रेघ मारली आणि पेन खाली ठेवले.

"सप्टेंबरचा पहिला तास मी घेईन," मी म्हणाले.